एका पारड्यात पाणी

व्हॅन तयार झाल्याची घोषणा काटेवाल्यांनी सकाळच्या चहाला केली आणि कप तसाच हातात धरून ते कौतुकाची वाट बघत बसले. कौतुक काही लगेच आलं नाही. धाकट्याने "अरे वा" म्हटलं, पण ते तोंडात पाव असताना म्हटल्यामुळे हिशेबात धरता आलं नसतं. सुट्टीसाठी माहेरी आलेल्या ताईने आधी सगळ्यांच्या आंघोळी उरकू द्या असं सुचवलं. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. ती म्हणाली, "चहा निवतोय."

"उद्या सकाळी निघायचं," काटेवाले कपाला उद्देशून म्हणाले.

आईने गॅस बारीक केला. इतक्या वर्षांच्या संसारात गॅस बारीक करण्याचे निरनिराळे अर्थ काटेवाल्यांनी अनुभवले होते. यातला कुठला, ते त्यांना लागेना.

काटेवाले हे काही आडनाव नव्हे. दुकानांचे, गोदामांचे, दवाखान्यांचे वजनकाटे दुरुस्त करायचा धंदा या घरात तिसऱ्या पिढीपर्यंत चालला, तेव्हा खरं आडनाव विसरून लोकांनी आपली सोय करून घेतली होती. धंदा बंद केला त्या दिवशी काटेवाल्यांनी दुकानातलं सगळं विकलं, व्हॅन तेवढी ठेवली. तिचं काय करायचं याबद्दल घरातल्या प्रत्येकाचं एकेक मत होतं. त्यांनी ती सगळी नीट ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी व्हॅनमधली फळ्यांची मांडणी उपटून अंगणात टाकली. मग आत ऊन-थंडी अडवणारा थर बसला, त्यावर प्लायवूड चढलं, पलंग झाला, शेगडी आली. म्हातारा आता चाकांवर संसार मांडणार, हे घराला हळूहळू कळत गेलं.

"आम्ही दोघं हिंडणार," असं ते सगळ्यांना सांगत. लाकूडवाल्याला सांगून झालं, शेजाऱ्यांना सांगून झालं, ताईच्या दवाखान्यात दाढ दाखवायला गेले तेव्हा तोंड उघडं ठेवून तिच्या नर्सलाही सांगून झालं. आईला सांगायचं तेवढं राहिलं. त्यांची समजूत अशी, की नवरा स्वतःच्या हाताने एवढी व्हॅन बांधतो, म्हणजे तेच विचारणं झालं.

त्यामुळे आई जाणार की नाही, हा घरातला मुख्य प्रश्न होऊन बसला होता. आणि मुख्य प्रश्नांच्या बाबतीत या घराची रीत अशी, की ज्याचा प्रश्न असेल त्याला सोडून बाकी सगळ्यांशी बोलायचं. ताईचा पक्ष विरोधाचा. ती दातांची डॉक्टर असल्याने कुठल्याही गोष्टीत पुढे काय किडणार ते तिला आधी दिसे. धाकटा विमा कंपनीत होता आणि खरं तर भिण्याचा पगार घेत होता, पण व्हॅन वर्षातून दोनदा आपल्याला मिळेल अशा आशेने तो बाजूने होता. त्याची बायको शाळेत गणित शिकवायची. तिने अजून पक्ष निवडला नव्हता, म्हणून दोन्ही पक्ष तिला एकटीला गाठून भांडी पुसायला मदत करू लागत. तिच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम होती.

आंघोळी उरकल्यावर सगळे अंगणात जमले. काटेवाल्यांनी मागची दारं उघडली आणि एकेकाला आत घेतलं.

"ही गादी. अकरा किलो. ही शेगडी, सिलिंडरसकट नऊ. हे कपाट, भरलेलं, चौदा."

"आणि चमचे?" धाकट्याने गंमत केली.

"सहा चमचे. एकशे ऐंशी ग्रॅम," काटेवाले म्हणाले. त्यांनी गंमत केली नव्हती.

"बाबा, तुम्ही चमच्यांचं वजन केलंत?"

"मग तुझ्यासारखं 'असेल थोडंफार' म्हणू? गाडी एका बाजूला जड झाली की वळणावर ओढते. दोन्ही बाजू समसमान पाहिजेत."

शेवटी आई आली. पदराला हात पुसून ती पायरीवरून वर चढली. पडद्याचं कापड तिने बोटांत धरून पाहिलं. खण ओढला, तो न अडकता आला, तेव्हा तिने मान डोलावली. काटेवाल्यांचा श्वास तिच्या हाताबरोबर फिरत होता. मग ती जरा वाकली आणि पुढे, गाडी चालवायच्या जागेकडे पाहू लागली. बराच वेळ पाहिलं तिने. त्यानंतर आली तशी खाली उतरली.

"छान झालंय हो," ती म्हणाली. "मेहनत दिसते. तुम्ही या जाऊन."

आणि ती धुतलेल्या कपड्यांची बादली उचलून मागच्या अंगणात गेली.

पुढच्या खोलीत तातडीची बैठक भरली. आत्या तिथे आधीच होती. ती काटेवाल्यांची थोरली बहीण. हल्ली खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ती अंगणावर आणि घरावर एकाच वेळी लक्ष ठेवी.

"झालं समाधान?" ताई म्हणाली. "पहिल्यापासून सांगतेय, आईला जायचंच नाहीये."

"तिला विचारलंय का कुणी?" धाकटा म्हणाला.

"विचारायला कशाला हवं? दिसतंय की."

"गुडघे असतील. पायरी उंच झालीय."

"पायरी तिच्या पायाच्या बेताने केलीय मी," काटेवाले म्हणाले. "ती स्वयंपाकघरात ज्या पाटावर चढते ना वरचे डबे काढायला, तो मोजून."

"मग संडासाचं असेल," ताई म्हणाली.

"आहे की! पलंगाखाली. साडेचार किलो, रिकामा."

"भरलेल्याचं सांगू नका, बाबा," धाकटा घाईने म्हणाला.

काटेवाले आता खरोखरच दुखावले होते. "गादी दोघांची आहे. कप दोन आहेत. उशा दोन आहेत, आणि तिच्या उशीत कापूस कमी घातलाय, तिला उंच उशी चालत नाही. अजून माणसाने काय करायचं?"

सून इतका वेळ दाराला टेकून उभी होती. तिने वर्गात मागच्या बाकावरच्याला उभं करावं तशा मऊ आवाजात विचारलं, "बाबा, तो समतोल कसा साधलात तुम्ही?"

शेवटी कुणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता. काटेवाले खुर्चीच्या कडेला सरकले आणि दोन्ही हात पारड्यांसारखे समोर धरले. "सोपंय. मागे या अंगाला पलंग, त्या अंगाला शेगडी आणि कपाट. झाले समान. पुढे या अंगाला मी. अठ्ठ्याहत्तर किलो. आता त्या अंगाला तेवढंच काहीतरी हवं. म्हणून पाण्याची टाकी तिथे घेतली. अठ्ठ्याहत्तर लिटर! एका पारड्यात मी, एका पारड्यात पाणी. काटा मधोमध."

"आणि आई?"

"आईचं काय?"

"आई कुठल्या पारड्यात?"

काटेवाल्यांचे हात हवेत राहिले. उजवा थोडा खाली आला, मग डावा, मग दोन्ही मांडीवर पडले.

"आई मागे," ते म्हणाले. "गादीवर. ऐसपैस."

"चालत्या गाडीत गादीवर बसलेल्या माणसाला विमा लागू होत नाही," धाकटा सवयीने बोलून गेला. मग त्याला आठवलं, की टाकीचे पट्टे त्यानेच गुडघा रोवून आवळले होते.

"टाकी बसवायला तू होतास ना?" ताईने त्याच्याकडे मोर्चा वळवला.

"आणि तू टाकीवर कोपर टेकून फोटो काढलास!"

"मला वाटलं, बाबांचं आईशी बोलणं झालं असेल."

"मला वाटलं, तुझं झालं असेल."

काटेवाल्यांना त्यांचं बोलणं लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं. आयुष्यभर ते या व्हॅनमधून एकटे हिंडले. शेजारच्या सीटवर प्रमाण वजनांची पेटी असे. काट्याची परीक्षा त्या वजनांनी घ्यायची, म्हणून पेटी डोळ्यांसमोर हवी. त्या सीटवर माणूस बसतो, असं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. धंदा बंद झाल्यावर पेटी गेली आणि उरलेली रिकामी जागा त्यांना पाण्याची वाटली.

आणि वजनाचं म्हणाल, तर घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाला दुकानातल्या पितळी काट्यावर घालायची पद्धत त्यांच्या वडिलांनी पाडली होती. ताईचं जन्माचं वजन, धाकट्याचं वजन, काटेवाले झोपेतसुद्धा सांगू शकत. लग्न होऊन घरात आलेल्यांचं वजन करायची पद्धत नव्हती. ती माणसं येतानाच मोठी झालेली असतात, पारड्यात मावत नाहीत, असं काहीतरी ते पुटपुटले.

"माझंही वजन नाही केलं कधी," सून म्हणाली आणि दारापासून दोन पावलं आत आली. तिने पक्ष निवडला होता.

"गाडीतली ती सीट कुठाय पण?" ताईने विचारलं.

सगळ्यांच्या माना एकदम खिडकीकडे वळल्या. आत्या बसली होती ती खुर्ची गुबगुबीत होती, काळ्या रेक्झिनची होती आणि काटेवाल्यांनीच तिच्याखाली लाकडी चौकट ठोकून दिली होती. तिला बाजूला खटका होता. आत्याने तो शांतपणे ओढला आणि ती पाठीसकट मागे रेलली.

"माझ्याकडे काय बघता? खुर्ची आली त्या दिवशीच मी तुझ्या बायकोला म्हटलं, अगं, ही तुझी जागा दिसते. ती म्हणाली, असू द्या वन्सं, कधी लक्षात येतं बघू त्यांच्या."

"आणि तू गप्प बसलीस, अक्का?"

"गप्प कुठे? रोज तुझ्या डोळ्यांसमोर बसले. याहून मोठ्याने कसं बसायचं माणसाने?"

धाकट्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. तेवढ्यात आई रिकामी बादली घेऊन दारात आली. तिने खोलीवरून नजर फिरवली आणि तिला सगळं कळलं.

"वन्संना उठवायचं नाही हं कुणी. त्यांच्या कंबरेला ती खुर्ची मानवलीय," ती म्हणाली. "मी आहे घरी. ह्यांना काय, पाण्याची सोबत आहे."

आणि ती परत मागे गेली. बादली रिकामी होती, मागे तिचं काहीच काम नव्हतं, हे सगळ्यांना दिसलं.

त्यानंतर पक्षांची जी अदलाबदल झाली, ती या घरातही क्वचितच पाहायला मिळे. इतके दिवस विरोध करणारी ताई उभी राहिली आणि म्हणाली, "आई गेलीच पाहिजे. उद्याच. मला काही सांगू नका." धाकटा म्हणाला, "कशाला घाई? पुढच्या महिन्यात नवी सीट आणू, सगळं रीतसर करू." सुनेने त्याला विचारलं, पुढच्या महिन्यात आईंना आणखी कुठे बसवणार आहात. यावर तो स्वतःच्या बायकोकडे परक्यासारखा पाहू लागला. काटेवाले नुसतेच बसून होते.

"धर गं मला," आत्या सुनेला म्हणाली.

"आत्या, तू बस. तोडगा काढू आपण," धाकटा म्हणाला.

"तोडगा कसला? उद्या ही माझ्या कंबरेच्या नावाने घरी राहणार आणि जन्मभर तुम्ही सगळे माझ्या कंबरेकडे बघणार? धर म्हणते ना." ती उठली. उठताना नेहमीपेक्षा जरा जास्त कण्हली, पण तेवढा तिचा हक्क होता. "न्या ती. पण परत आलात की पहिली ही खुर्ची खाली उतरवायची, मग तुमच्या पिशव्या. किती काम आहे रे काढा-घालायचं?"

"चार बोल्ट," काटेवाले म्हणाले.

"चार बोल्ट! आणि त्यापायी बिचारी इतके दिवस तोंड मिटून बसली. जा आता. इथे बसून काय माझं तोंड बघतोस?"

मागच्या अंगणात आई वाळत घातलेले कपडे पुन्हा काढून, झटकून, पुन्हा वाळत घालत होती. काटेवाले चादरीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. त्यांना तिचे पाय दिसत होते.

"चुकलं," ते म्हणाले.

"काय चुकलं?"

"हिशेब चुकला."

"हिशेब नाही चुकत तुमचा." पाय पुढच्या चादरीकडे सरकले. काटेवालेही सरकले.

"तुला धरायचंच राहिलं."

"असं कसं? धरलंत की. गादीवर धरलंत, उशीत धरलंत, शेगडीपाशी तर आधी धरलंत." चादरीला एक जोराचा झटका बसला. "रस्ता बघायला तेवढं नाही धरलंत. घरात जिथे असते तिथेच सगळीकडे आहे मी त्या गाडीत."

दुकानात कधी गिऱ्हाइकाने काटा खोटा आहे म्हटलं, तर काटेवाले रागावत नसत. पेटी उघडून पुन्हा तपासायला घेत. आज तपासायला काही नव्हतं. त्यांनी चादर बाजूला केली.

"येतेस का?" त्यांनी विचारलं.

आईच्या तोंडात चिमटा होता. तो तिने सावकाश काढला, दोरीला लावला, आणि नीट लागलाय ना ते पाहिलं.

"विचारायला एवढी व्हॅन कशाला बांधावी लागते हो?" ती म्हणाली. "माझं वजन करायचं नाही."

"नाही."

"आणि टाकी?"

"काढतो. छोटे कॅन घेऊ, पलंगाखाली राहतील."

"गाडी कलेल ना मग एका बाजूला."

"कलू दे," काटेवाले म्हणाले.

आईने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाने भिंतीवरची तसबीर कललेली दिसली म्हणून परक्याच्या घरात स्टुलावर चढून ती सरळ केली होती, तीही घरमालक बोलत असताना.

दुपारी टाकीची तोटी उघडली. पाणी अंगणभर पसरलं, धाकट्याच्या बुटांत शिरलं, आणि टाकी उतरवून काटेवाले आपल्या जागेवर चढून बसले, तेव्हा व्हॅन डोळ्यांना दिसेल इतकी त्यांच्या बाजूला झुकली. ते दात आवळून गप्प राहिले. ताई आणि सुनेने मिळून आत्याच्या खुर्चीची चौकट सोडवली. दोघींचं इतकं जमलेलं पाहून धाकट्याने आपल्याकडे आता कुठला पक्ष शिल्लक आहे याची चाचपणी केली; मग तो मुकाट्याने पान्हा देऊ लागला. आत्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर उशी घेऊन बसली होती आणि चौथा बोल्ट घट्ट बसला का, हे खिडकीतून पुन्हा पुन्हा विचारत होती.

संध्याकाळी आई पुढच्या दाराने व्हॅनमध्ये चढली. आधी ती सीटच्या कडेवर टेकली, पाहुण्यासारखी. मग मागे सरकून नीट बसली. तिच्या बाजूचं चाक थोडं दबलं. कितीचं, ते काटेवाल्यांना पावशेराच्या फरकाने कळलं. ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, आणि कधीच सांगणार नव्हते.

"कोपऱ्यापर्यंत जाऊन या फक्त," ताई फाटकातून म्हणाली. "अंधारायच्या आत."

"पट्टे लावा," धाकटा म्हणाला. "दोघंही."

"हळू चालवा," सून म्हणाली.

"माझी खुर्ची," खिडकीतून आत्या म्हणाली.

व्हॅन गल्लीतून निघाली. कोपरा आला आणि मागे पडला. थांबायचं कुणीच म्हणालं नाही. पुढे बंद दुकानांची रांग होती, मग शाळेचं मैदान, मग गोदामांच्या लांबच लांब भिंती. काटेवाल्यांनी हा रस्ता हजारदा पाहिला होता, पण समोरचा तेवढाच. आई मात्र बोलू लागली. त्या गच्चीवर बघा कुणीतरी खाट टाकलीय. ते दुकान बंद झालं वाटतं. ती बाई बघा, कुत्र्याला छत्री धरून चाललीय, आभाळात ढग नाही. काटेवाले "हो का" म्हणत राहिले. एरवी घरी ते "हो का" म्हणाले की आई बोलणं थांबवी. आज ती थांबली नाही.

गोदामांनंतर रस्ता एकदम वळत होता. त्यांनी चाक फिरवलं आणि त्यांचा हात आपोआप बाजूला गेला आणि आईच्या पुढे आडवा राहिला.

आईने हाताकडे पाहिलं. "हे काय?"

"सवय," काटेवाले ओशाळून म्हणाले. "वळणावर पेटी घसरायची."

"मला पट्टा आहे."

"हो, हो." त्यांनी हात मागे घेतला.

पुढे पुलाआधी पुन्हा वळण होतं. हात पुन्हा गेला. या वेळी आईने तो तसाच राहू दिला. ती तिच्या खिडकीतून बाहेर बघत होती आणि गाडी पुलावर येईपर्यंत तशीच बघत राहिली.

"पेटी किती जड होती हो?" तिने विचारलं.

"वीस किलो."

"मग जरा नीट धरा," आई म्हणाली. "मी जास्त आहे."